मुक्त विद्यापीठ, स्वयम् आणि हातातला मोबाईल: गावात बसून तिन्ही एकत्र कसं चालवायचं

मुक्त विद्यापीठाला ॲडमिशन घेतलेली माणसं आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कमी नाहीत. उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्ट करणारी पोरं, दुकानात बसणारी, लग्नानंतर परत पुस्तकं काढलेल्या ताया-वहिन्या, सगळेच. आणि मोबाईलवर फ्री कोर्स लावून बसणारे तर विचारूच नका. पण बहुतेक जण ही दोन कामं अगदी वेगवेगळी करतात, म्हणजे विद्यापीठाची पुस्तकं कपाटात आणि मोबाईलवर भलताच कोर्स चालू, मग परीक्षा जवळ आली की इकडचंही अर्धं आणि तिकडचंही अर्धं. हे जोडून कसं चालवायचं ते लिहितोय. एकट्यालाही जमतंय, पण गावातल्या वाचनालयात किंवा मंडळाच्या खोलीत आठ-दहा जण मिळून करत असाल तर निम्मा त्रास वाचतो बघा.

सगळ्यात आधी क्रम नीट घ्या. पहिलं विद्यापीठाचं पुस्तक, त्यातलं एक युनिट, त्या युनिटमध्ये आपण जिथं अडलो ती जागा, आणि त्या जागेपुरतंच इंटरनेट. बहुतेक जण उलटं करतात, आधी ॲप शोधतात, मग कोर्स, मग प्लेलिस्ट, आणि सिलॅबस काय होता ते शेवटी बघतात. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक एकट्यानं वाचून समजावं असंच लिहिलेलं असतंय, सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतः तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं. ते प्रश्न सोडून पुढं पळणारे फार. ते सोडवा ओ, तुम्ही कुठं अडलाय हे त्यातनंच कळतंय.

ॲडमिशन अजून घ्यायची असेल तर थोडं आधी बघून घ्या, कारण सीमाभागात याचा एक वेगळाच गुंता आहे. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) १९८५ ची, केंद्राची, देशभर चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, मराठीत पुस्तकं हवी असतील तर आपल्या लोकांचा ओढा तिकडंच. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चं. आणि दहावी-बारावीच राहिली असेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा. आता गुंता असा की यूजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा आयोग) नियमांप्रमाणं राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची सेंटरं राज्याच्या बाहेर काढता येत नाहीत, म्हणून नाशिकवाल्यांचं सेंटर बेळगावात नसतंय, चंदगड-गडहिंग्लज नाहीतर कोल्हापूर बाजूचं शोधावं लागतंय. त्यांचं विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे, तिथं फोन लावून कर्नाटकातला पत्ता आणि एसएसएलसीचं (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्ड चालतंय का, परीक्षा कुठं द्यायची, हे फी भरायच्या आधी विचारा. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट सांभाळून हे झेपणार का याचा हिशोब तुम्हीच करायचा. "पूर्ण ऑनलाइन" म्हणून मान्यता असलेल्या कोर्सला मात्र राज्याची हद्द आडवी येत नाही. दूरशिक्षण आणि ऑनलाइन या यूजीसीच्या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही, त्यामुळं कुठल्या विद्यापीठाला कुठल्या वर्षी कुठल्या कोर्सची मान्यता आहे ते यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर बघा, एजंटच्या पत्रकावर नको. मान्यता असली की डिग्री कॉलेजच्या डिग्रीइतकीच, यूजीसीनं २०२२ मध्ये तसं स्पष्ट लिहून दिलंय. आणि इंजिनिअरिंग, मेडिकल, वकिलीची डिग्री कुणी घरबसल्या देतो म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

आता ॲडमिशनला डेब आयडी (त्याच दूरशिक्षण ब्युरोचा नंबर) लागतंय, त्याला एबीसी आयडी (क्रेडिट जमा व्हायच्या खात्याचा नंबर) लागतंय, आणि ते डिजिलॉकरमधनं निघतंय. इथं आपली गाडी नावावर अडते. आधारवर एक स्पेलिंग, मार्क्स कार्डवर दुसरं, कुठं आडनाव आधी तर कुठं वडिलांचं नाव गाळलेलं. हे ॲडमिशनच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्त होत नाही. ग्रुप काढणार असाल तर पहिली बैठक फक्त याचीच ठेवा, सगळ्यांची कागदपत्रं समोरासमोर ठेवून नावं जुळवून घ्या.

मग वेळेचा हिशोब. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरलाय, त्यात वाचन, असाइनमेंट, व्हिडिओ सगळं आलं. ४ क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. सहा महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये साधारण २४ आठवडे धरले तर एका पेपरला आठवड्याला ५ तास. पाच पेपर असले तर २५ तास, म्हणजे रोज साडेतीन तासांच्या वर. नोकरी करून हे रोज होत नाही, खोटं कशाला बोला. म्हणून जास्त पेपर असतील तर दोन अवघड पेपरांना पूर्ण वेळ द्या आणि बाकीचे असाइनमेंटच्या जोरावर ओढा, इग्नूत बहुतेक कोर्सना असाइनमेंटचं वजन ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेचं ७० टक्के असतंय. आणि कॅलेंडर आपल्या गावचं लावा, विद्यापीठाचं नाही. जुलैची बॅच चालू होते तेव्हा इकडं भात लावणी, मग गणपती (बेळगावच्या गणपतीत कोण अभ्यास करतंय ते मला दाखवा), मग दसरा-दिवाळी, तोवर ऊसतोड चालू. हे आठवडे आधीच रिकामे सोडा आणि उरलेल्यांत तास वाटा. वेळापत्रक कोरं सोडलेलं बरं, भरलेलं आणि न पाळलेलं असलं की माणूस दुसऱ्या महिन्यात ग्रुप सोडून जातोय.

आता ऑनलाइन कोर्स. स्वयम् हे केंद्र सरकारचं पोर्टल ९ जुलै २०१७ ला चालू झालं. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. कोर्सचे चार भाग असतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतः तपासायच्या टेस्ट आणि शंका विचारायची जागा. आपली माणसं फक्त पहिला भाग बघतात आणि कोर्स झाला म्हणतात. मी तर म्हणेन उलटं करून बघा, आधी टेस्ट द्या, चुकेल तिथलाच व्हिडिओ बघा. विद्यापीठाच्या पुस्तकाशी जोडायचं कसं तर एक साधी वही घ्या, डावीकडं युनिटचं नाव, उजवीकडं त्याच विषयाचा स्वयम्, एनपीटेल (आयआयटीवाल्यांचे मोफत ऑनलाइन कोर्स) किंवा यूट्यूबचा कुठला आठवडा, कितवा मिनिट. अख्खा कोर्स कधीच जुळत नाही, १२ आठवड्यांच्या कोर्समधले तीन-चार आठवडे आपल्या युनिटला लागतात, तेवढेच घ्या. हे जुळवायचं काम एकदा एकानं केलं की पुढच्या बॅचला आयतं मिळतंय, त्यामुळं वहीचा नुसता फोटो नको, शीटमध्ये टाइप करून ठेवा.

सर्टिफिकेट आणि क्रेडिट हवं असेल तर गोष्ट वेगळी. एनपीटेलमध्ये ४ आठवड्यांचा कोर्स म्हणजे १ क्रेडिट, ८ चे २, १२ चे ३. मार्कांत असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५, पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० तरी लागतात, दोन्हीत वेगवेगळे. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, घरात मोबाईलवर नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् मधून घ्यायला वाट करून दिलीय, पण तुमचं विद्यापीठ कुठले कोर्स मानतंय ते तेच ठरवतंय. हे आधी लेखी विचारा, ईमेलवर उत्तर घ्या. "चालतंय की" म्हणून फोनवर सांगणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

भाषेचा विषय निघणारच. आपल्याकडं मराठी माध्यमातनं एसएसएलसी झालेलं पोरगं पुढं इंग्रजीत पडतंय, आजूबाजूला कन्नड, आणि लेक्चर देणारे सर चेन्नईचे. एनपीटेलच्या बऱ्याच कोर्सचं भाषण लिहून काढलेलं पीडीएफ मिळतंय, काही कोर्सचं मराठीत आणि कन्नडमध्येसुद्धा भाषांतर आहे, आधी ते वाचा आणि मग व्हिडिओ लावा, निम्मं इंग्रजी तिथंच सुटतंय. यूट्यूबची आपोआप येणारी सबटायटल्स तांत्रिक शब्दांची वाट लावतात, त्यावर विसंबून नोट्स काढू नका. ग्रुपमध्ये एक शीट ठेवा, तीन रकाने, मराठी, इंग्रजी, कन्नड, ज्याला जो शब्द अडला त्यानं तो भरायचा. 

कॉम्प्युटर शिकायचा असेल तर माझी पहिली पसंती आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलला. लिबरऑफिस, पायथन, लिनक्स, जिम्प असल्या मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे, दहा मिनिटांच्या आसपासचे धडे, आणि त्यातले पुष्कळ मराठी-कन्नड आवाजात. पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर, ते करतात तसं थांबवून थांबवून आपण करायचं. नुसतं बघून झालं असं म्हणणाऱ्याला माउस हातात द्या, लगेच कळतंय. धडे एकत्र उतरवून घ्यायची सोय त्यांच्याच साइटवर आहे, म्हणजे एकदा शहरात चांगल्या नेटवर उतरवले की गावात नेट लागतच नाही.

नेटवरनं आठवलं. खानापूरच्या रानात पावसाळ्यात लाइट जाते आणि टॉवर पण जातो, तिकडच्या लोकांनी सगळं ऑनलाइन धरून प्लॅन करायचाच नाही. जुना लॅपटॉप असेल तर त्यात कोलिब्री टाका, मोफत आहे, त्यात धडे भरून ठेवायचे, लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायला जोडायचे आणि फोनच्या ब्राउझरमध्ये धडे उघडायचे, इंटरनेट नसलं तरी चालतंय. एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटवर पाच-सात जणांचं सहज भागतंय, जास्त असतील तर साधा राउटर आणा. दुसरं किविक्स, नेटशिवाय वाचायचं ॲप, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये येतो आणि पेनड्राइव्हवर सहज मावतो. आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोन एकच आहे आणि तो भावाकडं असतो, त्यांच्यासाठी स्वयम् प्रभाची, म्हणजे सरकारची शिक्षणाची टीव्ही चॅनेल्स, डीडी फ्री डिशवर लागतात, डेटा लागत नाही. मुलींच्या बाबतीत हा फोनचा प्रश्न खरा आहे, ग्रुप काढणाऱ्यांनी तो गृहीत धरूनच चालावं, "लिंक टाकलीय, बघून घ्या" म्हणून भागत नाही.

रोजच्या कामाला व्हॉट्सॲप पुरतंय, पण दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहितोय, तारखा, फाइली, या आठवड्याचं युनिट, बास. दुसऱ्यात शंका, गप्पा, गुड मॉर्निंग, वाढदिवस, काय घालायचं ते घाला. एकच ठेवला तर असाइनमेंटची शेवटची तारीख कुणाच्या तरी बारशाच्या फोटोखाली जाते. फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतंय आणि अक्षर दिसत नाही. फाइलचं नाव नीट द्या, विषय, युनिट, तारीख. शंका व्हॉइस नोटमध्ये विचारायला लोक लाजत नाहीत, पण उत्तर लिहूनच द्या, व्हॉइस नोटमधलं पुढच्या महिन्यात शोधून सापडत नाही. इग्नूची पुस्तकं त्यांच्याच ई-ज्ञानकोश साइटवर फुकट आहेत, पोस्टानं यायची वाट बघत बसू नका.

टेस्ट काढायला गुगल फॉर्म्सचा क्विझ बरा, उत्तरं आपोआप तपासतोय आणि कुठला प्रश्न सगळ्यांचा चुकला ते दिसतंय, त्या प्रश्नावर रविवारची बैठक. थोडं पुढं जायचं असेल तर एचफाइव्हपी (H5P) बघा, व्हिडिओ मधेच थांबून प्रश्न विचारतो असलं काही त्यात करता येतंय, आणि लुमी नावाच्या मोफत ॲपमधनं ते एका एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतंय, सर्व्हर नको, होस्टिंग नको.

आणि एवढं सगळं स्क्रीनवर करताना एक गोष्ट विसरतात. सत्रांत परीक्षा पेनानं लिहायची असते, तीन तास. वर्षभर अंगठ्यानं टाइप करणाऱ्याला पाऊण तासातच हात दुखतोय, आणि उत्तर माहीत असून पेपर अर्धा राहतोय. म्हणून आठवड्याला निदान एक मोठं उत्तर कागदावर, घड्याळ लावून, मग फोटो ग्रुपवर. तपासायचं एकमेकांनी. तपासायला एक साधी यादी आधी ठरवून घ्या, प्रश्नात विचारलेलं सगळं आलंय का, व्याख्या आहे का, उदाहरण आपलं आहे का पुस्तकातलं उचललंय, आकृतीला नावं दिलीत का. "छान लिहिलंय" एवढंच लिहिणाऱ्याला चहा पाजायला लावा. दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपलं काय राहिलं ते जास्त कळतंय, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या साइटवर असतात, त्यातलेच प्रश्न घ्या.

पाठांतराचं काम असेल, तारखा, सूत्रं, कन्नडचे शब्द, तर अँकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांचं ॲप वापरा, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे. जे आठवत नाही तेच पुन्हा पुन्हा विचारतंय. बसमध्ये, तिकीट काढून झालं की दहा मिनिटं.

ग्रुप थोडा चालला की तुमच्याकडं स्वतःच्या नोट्स, टेस्ट, जुळवणीची शीट असं बरंच साठेल. ते लोकांना खुलं करा, पण नीट. दुसऱ्याचा यूट्यूब व्हिडिओ उतरवून आपल्या चॅनेलवर चढवायचा नाही, त्याची लिंकच द्यायची. एखाद्या क्लासच्या नोट्स स्कॅन करून फिरवायच्या नाहीत. आपलं स्वतःचं जे आहे त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन लिहा, बाय-एसए लिहिलं की कुणीही वापरू शकतंय, बदलू शकतंय, फक्त नाव द्यायचं आणि बदललेलं पण तसंच खुलं ठेवायचं. एनसी जोडलं तर धंद्यासाठी वापरता येत नाही, एनडी जोडलं तर बदलता येत नाही. शिकायच्या गोष्टीला एनडी लावू नका असं माझं म्हणणं, कारण येळ्ळूरची नोट निपाणीच्या माणसाला थोडी बदलूनच लागते. फोटो-आकृत्या विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात, तिथनं त्या विकिपीडियाच्या लेखात पण जातात. फाउंड्रीत काम करणाऱ्यानं साचा कसा भरतात, कोअर कुठं बसतोय याचे आपल्या हातानं काढलेले चार फोटो आणि खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या तर ते आयटीआयच्या पोराला कुठल्याही परदेशी व्हिडिओपेक्षा जवळचं वाटतंय (मालकाला विचारून काढा म्हणजे झालं). आपल्याकडं उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनीला गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथंच एका टेबलावर लॅपटॉप मांडून पेनड्राइव्हमध्ये हे साहित्य भरून द्यायला काय हरकत आहे?

टाइप करताना युनिकोडच वापरा. जुन्या सरांच्या नोट्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, कन्नडवाल्यांच्या नुडीच्या, दुसऱ्याच्या फोनवर उघडल्या की नुसती किडे-मुंग्या, आणि शोधून सापडत पण नाहीत. पीडीएफपेक्षा साधं वेबपेज फोनवर वाचायला सोपं, अक्षर मोठं करता येतंय. गुगल साइट्सवर एका संध्याकाळी होतंय, युनिटप्रमाणं पानं, प्रत्येक पानावर पुस्तकाचा दुवा, व्हिडिओचा मिनिट, टेस्ट आणि चांगलं उतरलेलं एक उत्तर.

कुणीतरी हौशी पोरगा पहिल्याच आठवड्यात मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकूया म्हणणार. मूडल चांगलंच आहे, २००२ पासून चालतंय, मोठमोठी विद्यापीठं वापरतात, पण त्याला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, अपडेट लागतात, आणि बाराजणांच्या ग्रुपला पासवर्ड विसरलेल्यांना मदत करण्यातच रविवार जातो. दोन-तीन बॅच नीट पार पडल्या, पन्नासभर माणसं झाली, आणि एखादं कॉलेज किंवा संस्था सर्व्हर सांभाळायला तयार असेल तर तेव्हा बघू. तोवर त्याला टेस्ट बनवायच्या कामाला लावा.

ग्रुपचं जीमेल खातं कुणा एकाच्या खासगी नंबरवर काढू नका. तो पुण्याला नोकरीला गेला की फॉर्म, शीट, साइट सगळं त्याच्याबरोबर जातंय. ग्रुपचं वेगळं खातं काढा, पासवर्ड दोघांकडं, त्यातला एक गावातच राहणारा, शक्यतो वाचनालयाचा ग्रंथपाल, आणि दर सेमिस्टर संपलं की सगळ्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन वाचनालयाच्या कपाटात, तारखेसकट.